दोघांची धाप

त्या उन्हाळ्यात आमच्या घरात दोघांना धाप लागत होती, एक बाबांना आणि दुसरी गाडीला. बाबांच्या धापेबद्दल कुणी मोठ्यानं बोलायचं नाही. गाडीच्या धापेबद्दल मात्र सकाळच्या चहापासून चर्चा सुरू व्हायची, कारण ती धाप बोलता येण्यासारखी होती. हिवाळ्यात बाबांच्या छातीत एकदा कळ आली होती, तेव्हा नागपूरच्या धंतोली भागातल्या डॉक्टरांनी आईला बाजूला घेऊन सांगितलं होतं की पुन्हा असं झालं तर घरी लिंबूपाणी देत बसू नका, असतील तसे उचलून माझ्याकडं आणा, उशीर केला तर माझ्या हातात काही राहणार नाही. आईनं घरी आल्यावर हे मला जसंच्या तसं सांगितलं आणि तांदूळ निवडायला बसली. निवडून झालेले तांदूळ तिनं पुन्हा सुपात ओतले आणि पुन्हा निवडले. तेव्हापासून अंगणातल्या कडुलिंबाखाली उभी असलेली ती लहानशी, राखी रंगाची, दोनतीन घरं फिरून आमच्याकडं आलेली गाडी ही आमच्यासाठी नुसती गाडी राहिली नव्हती. ती चालली तर बाबा धंतोलीला पोचणार होते. ती अडली तर काय, हे वाक्य आमच्यापैकी कुणीच कधी पुरं केलं नाही.

बाबा मूळचे उमरेडचे. आमच्याकडं पिढ्यानपिढ्या हातमाग. बाबांनी तरुणपणी माग सोडला आणि नागपुरात येऊन साड्यांचा व्यापार धरला. उमरेडच्या विणकरांकडं सूत पोचवायचं, विणून झालेल्या साड्या गोळा करायच्या आणि इतवारीतल्या दुकानांत नेऊन द्यायच्या, असं त्यांचं काम. त्यासाठी गाडीची मागची सीट काढून टाकली होती. तिथं साड्यांचे गठ्ठे बसायचे, आणि पाहुणे आले तर पाहुणेही तिथंच, मांडी घालून. डॉक्टरांनी फिरती बंद करा म्हटल्यावर बाबा म्हणाले, माग चालू आहेत तोवर मला घरी बसता यायचं नाही. आईनं रडून पाहिलं, अबोला धरून पाहिला, शेवटी एका अटीवर तह झाला. बाबांनी एकट्यानं उमरेडला जायचं नाही, आणि सोबत जाणाऱ्याला गाडी चालवता आली पाहिजे. थोरली बहीण लग्न होऊन भंडाऱ्याला गेलेली, भाऊ नाही. उरले मी. दोन वेण्या, जाड चष्मा, कॉलेजचं दुसरं वर्ष, आणि कुठलीही गोष्ट पुस्तकात वाचली की ती आपल्याला आली असं ठामपणे मानणारी. आज ती मुलगी माझ्यासमोर येऊन उभी राहिली तर मी तिला आधी पोटभर जेवू घालीन आणि मग तिच्या हातातलं पुस्तक हळूच काढून घेईन.

नागपुरात आम्ही राहायचो त्या नंदनवन वस्तीत तेव्हा घरं कमी आणि मोकळे प्लॉट जास्त होते. त्या प्लॉटांवर बाबांनी मला गाडी शिकवली. गाई उठून बाजूला जायच्या, बायका धुणं वाळत घालता घालता थांबायच्या, आणि पानठेल्यावरची मंडळी मी गिअर बदलताना होणारा कर्रकर्र आवाज ऐकून आपापल्या दाढा दाबून धरायची. मला त्याचं काही वाटत नसे. माझ्याकडं गाडीचं इंग्रजी पुस्तक होतं ना. पहिल्या मालकाकडून गाडीबरोबर आलेलं, तेलाच्या डागांनी पारदर्शक झालेलं. त्याच्या शेवटी गाडीच्या दुखण्यांचा तक्ता होता, प्रत्येक दुखण्याला नंबर. तीन नंबर म्हणजे अमुक, पाच नंबर म्हणजे तमुक. मी तो तक्ता पाढ्यांसारखा पाठ केला होता. सात नंबरला लिहिलं होतं, इंजिनाला जोर नाही, काळा धूर, पेट्रोल जास्त खाणे, प्लगवर काजळी. गाडी जरा अडखळली की मी शेजारच्या सीटवरून जाहीर करायची, "बाबा, सात नंबर." बाबा म्हणायचे, "हाव, डॉक्टरीणबाई. औषध सांगा आता." औषध सांगता आलं नाही की मी काचेबाहेर पाहायची.

परवा माझ्या नातवानं त्याच्या गाडीत स्टिअरिंगखाली काडेपेटीएवढं एक यंत्र खोचलं. मोबाइलवर एक अक्षर आणि चार आकडे उमटले. तो मोठ्या गांभीर्यानं म्हणाला, आजी, मिश्रण रिच आहे, म्हणजे पेट्रोल जास्त आणि हवा कमी. मी म्हटलं, हे मला तुझ्या गाडीच्या मागं उभं राहून नाकानंच कळलं होतं, पण हवा कमी का, ते सांगतं का तुझं यंत्र? तो म्हणाला, ते शोधावं लागतं. मी मनात म्हटलं, म्हणजे एवढ्या वर्षांत माणसं सात नंबरच्या पुढं गेलेली नाहीत.

आमच्या गाडीचा हा सात नंबर चैत्रात सुरू झाला. सकाळी निघताना बरी असायची. उमरेडहून दुपारी परतताना मात्र तिची दशा व्हायची. पाय दाबला तरी वेग नाही, चढ आला की गुरगुर, मग ठसका, आणि आरशात पाहिलं तर मागं काळ्या धुराचा पडदा. मागून येणारे सायकलवाले नाकाला शेला लावून शिव्या देत. त्या वेळी बाबा चालवत असत तर मी गाडीकडं नाही, बाबांच्या कपाळाकडं पाहायची. तिथं घाम असला की तो उन्हाचा की कशाचा, हे मला ओळखता येत नसे. आई घरी चुलीपुढं कान रस्त्याकडं लावून बसलेली असायची. गाडीचा आवाज आला, ठसकत का होईना आला, की ती उठून तव्यावर भाकर टाकायची. त्याआधी कधीच नाही. आमच्या घरी त्या उन्हाळ्यात भाकरी फार गरम मिळाल्या, एवढं मात्र खरं.

उन्हाळ्याला उपाय म्हणजे वाळा, हे आमच्याकडं कुणाला सांगावं लागत नाही. होळी झाली की खिडकीला कुलर बसायचा. बाबा स्वतः त्याच्या जाळ्यांत नवा वाळा भरायचे, नीट, विरळ, जसा मागावर ताणा लावावा तसा. पंप सुरू झाला की टपटप पाणी उतरायचं आणि पहिल्या झुळकीबरोबर ओल्या मुळांचा तो वास सगळ्या घरभर पसरायचा. आई माठातही वाळ्याची जुडी टाकायची. दुपारी आम्ही त्या खोलीत फरशीवर आडवे पडून पन्हं प्यायचो, आणि बाहेर झाडावरचा कावळासुद्धा चोच उघडी ठेवून गप्प बसलेला असायचा. अशाच एका दुपारी, चैत्र लागायच्या आधीच, बाबा उठून बसले. त्यांना गाडीची दया आली होती. ते आईला म्हणाले की आपण वाळ्यातून गार केलेली हवा घेतो, आणि ते इंजिन बिचारं भट्टीतली हवा ओढतं, त्याला उद्या धाप लागणार नाही तर काय. आईनं जुन्या मच्छरदाणीच्या कापडाची एक थैली शिवली. बाबांनी तिच्यात कुलरमधून उरलेला वाळा भरला आणि बॉनेट उघडून, इंजिन ज्या नळकांड्यातून हवा घेतं त्या नळकांड्याच्या तोंडाला ती थैली सुतानं घट्ट बांधली. मग तिच्यावर गडूभर पाणी. आजूबाजूची माणसं पाहायला आली. सगळ्यांना पटलं. एका शेजाऱ्यानं तर विचारलं की स्कूटरला बसेल का. मलाही पटलं. मी तर माझ्या पुस्तकात हे कसं नाही याचं नवल करत होते, आणि पुस्तक थंड देशातल्या माणसांनी लिहिलंय अशी स्वतःची समजूतही मीच काढली.

पुढं दुखणं सुरू होऊन वाढत गेलं तसं आम्ही पाणी वाढवत गेलो. सकाळी निघताना एक गडू, उमरेडहून निघताना एक. तरी बरं वाटेना, तेव्हा वासुदेव मिस्त्रींकडं गेलो. सक्करदऱ्याच्या पुढं त्यांचं गॅरेज होतं, पत्र्याचं छप्पर आणि खाली काळी जमीन. त्यांनी प्लग काढून उलटे धरले. प्लगचं टोक बिस्किटासारखं भाजलेलं दिसलं की गाडी निरोगी, पांढरं पडलं तर पेट्रोल कमी पडतंय, आणि काळंभोर, काजळीनं भरलेलं असलं तर जास्त जातंय. आमचे चारही प्लग चुलीतून काढल्यासारखे होते. मिस्त्री बाबांना म्हणाले, "भाऊ, गाडी नुसती पिऊन राहिली. हजम करून नाही राहिली." त्यांनी कार्ब्युरेटर उघडून धुतला, प्लग घासले, चोकची तार सैल केली. गाडी सुरू केली तर काय, एकदम शिवणयंत्रासारखी. आम्ही हसत घरी आलो. दुसऱ्या दिवशी उमरेडहून येताना पुन्हा तेच. पुन्हा मिस्त्री, पुन्हा प्लग, पुन्हा शिवणयंत्र, आणि पुन्हा तेच. मिस्त्रींना वाटायचं आम्ही चालवतो कशीही, आम्हाला वाटायचं मिस्त्री काहीतरी मुद्दाम शिल्लक ठेवतात. दर वेळी गॅरेजच्या दारात बाबा स्वतः उतरून वाळ्याची थैली सोडून बाजूला ठेवायचे, तिला ग्रीसचे हात लागू नयेत म्हणून. घरी आल्यावर परत बांधायचे. हे मी माझ्या डोळ्यांनी दर वेळी पाहत होते.

मीही तपास केला, तो सांगितला नाही तर अन्याय होईल. पुस्तकात सात नंबरच्या कारणांत लिहिलं होतं, हवेची गाळणी चोंदली आहे का पाहा. मी एका रविवारी थैली सोडून कट्ट्यावर ठेवली, गाळणीचा डबा उघडला, आतली जाळी उजेडात धरून पाहिली. स्वच्छ. इतकी स्वच्छ की मी आईला बोलावून दाखवली. मग डबा बंद केला, त्या कारणापुढं पेन्सिलीनं फुली मारली, थैली बांधली आणि तिच्यावर पाणी घातलं. सगळी धूळ थैलीच खाते आहे म्हणून आतली जाळी स्वच्छ आहे, हे कळायला जी अक्कल लागते ती पुस्तकामागच्या तक्त्यात नव्हती, आणि माझ्याकडं दुसरी कुठली नव्हतीच.

तो दिवस मे महिन्यातला. आईनं कुरडयांसाठी गव्हाचा चीक शिजवला होता. निघण्याआधी तिनं आम्हा दोघांना वाट्यांत गरम चीक दिला, वरून कच्चं तेल. बाबांनी थोडा खाऊन वाटी सरकवली. आईनं वाटीकडं पाहिलं, माझ्याकडं पाहिलं. पण आकाश पांढरं व्हायला लागलं होतं, उशीर झाला तर झळा लागतील म्हणून आम्ही निघालो. आईनं दोघांच्या खिशात, म्हणजे बाबांच्या सदऱ्याच्या आणि माझ्या पर्सच्या, ऊन लागू नये म्हणून एकेक कांदा टाकला. जाताना गाडी मी चालवली. बाबा साड्यांच्या काठांबद्दल बोलत होते, मध्येच गप्प होत होते. ते गप्प झाले की मी काहीतरी विचारायची, उत्तर हवं म्हणून नाही, आवाज ऐकू यावा म्हणून.

उमरेडला शेवंताकाकूंच्या घरी आमचा शेवटचा थांबा असे. काकू बाबांच्या लहानपणच्या शेजारीण, एकट्या राहायच्या आणि दिवसभर मागावर असायच्या. बाबा खाली बसून साडीचा पदर तपासत होते, काकूंचा माग खटखट चालू होता, आणि मी दाराशी बसून भाकर आणि तिळाची चटणी खात होते. खटखट थांबली म्हणून मी वर पाहिलं. काकू मागाचा धोटा हातात धरून बाबांकडं टक लावून बघत होत्या.

"भाऊ, एवढा घाम काहून येऊन राहिला तुम्हाले?"

"काही नाही वं. पित्त हाये."

पण त्यांचा डावा हात मांडीवर असा पडला होता जसा तो दुसऱ्या कुणाचा असावा. पदराचं टोक त्यांच्या उजव्या मुठीत होतं आणि ती मूठ सुटत नव्हती. मी जिभेखाली ठेवायची गोळी त्यांच्या खिशातून काढली, तर तिच्याबरोबर कांदाही बाहेर येऊन जमिनीवर गडगडत गेला. गोळी मी त्यांच्या जिभेखाली सरकवली. काकूंनी मुठीतून पदर हळूहळू सोडवला. उमरेडात डॉक्टर होते, पण काकू म्हणाल्या की ते लग्नाला गावाला गेलेत. बस संध्याकाळी. मला डॉक्टरांचं वाक्य आईच्या आवाजात ऐकू येत होतं, असतील तसे उचलून आणा. बाबा स्वतःच म्हणाले, गाडी काढ. आम्ही दोघींनी त्यांना पुढच्या सीटवर बसवलं. मी स्टिअरिंगकडं जायला निघाले तर त्यांनी बोटानं बॉनेटकडं खूण केली. आधी वाळ्याले पाणी. काकूंनी गडू आणून दिला. मी तो सगळाच्या सगळा त्या थैलीवर ओतला.

पुढचा रस्ता मला आजही अंगानं आठवतो, डोळ्यांनी नाही. सरकीसारखी कोरडी जीभ, हाताला चिकटणारं स्टिअरिंग, खिडकीतून येणारी झळ. गाडी सुरुवातीपासूनच रडत होती. तिसऱ्या गिअरमध्ये टाकली की थरथरायची, दुसऱ्यात आणली की घुसमटायची. आतसुद्धा पेट्रोलचा वास भरला होता. बाबांनी मान मागं टाकली होती. इंजिनाच्या आवाजात त्यांचा श्वास ऐकू येत नव्हता आणि मला इंजिनाचा राग येत होता, कारण ते गप्प झालं असतं तर निदान श्वास ऐकू आला असता. तसं मनात आलं आणि मी स्वतःच्या मनाला इतकी घाबरले की मोठ्यानं म्हणाले, नाही, नाही, चालू दे. पाचगावच्या अलीकडं एक लांबट चढ आहे. फार काही नाही, आता तिथून जाताना नातवाला तो चढ आहे हेही कळत नाही. त्या चढाच्या मध्यावर गाडीनं एक ठसका दिला, मग आणखी एक, आणि ती गप्प झाली. आता बाबांचा श्वास ऐकू आला. तो लहान लहान होता.

रस्त्यावर माणूस नव्हतं. दोन्ही बाजूंना पळसाची झुडपं, त्यांच्या खाली सावली म्हणावी अशी सावली नाही. मी दोनतीनदा स्टार्टर मारला, तो प्रत्येक वेळी आधीपेक्षा हळू फिरला, म्हणजे बॅटरीही जास्त वेळ साथ देणार नव्हती. मी उतरले, बॉनेट उघडलं. वाफेसारखी गरमी तोंडावर आली. आणि आता मी काय करावं? मी तक्ता म्हणायला लागले. अक्षरशः, मोठ्यानं. एक नंबर, दोन नंबर, तीन नंबर. शाळेत सगळ्यांसमोर उभं केल्यावर पाढा म्हणावा तसा. सात नंबरला आल्यावर मी थांबले आणि पुन्हा एकपासून सुरू केलं. आज हसू येतं. त्या वेळी मला वाटत होतं की मी थांबले तर बाबा थांबतील.

चोक बघितला, उघडा होता. चोक म्हणजे काय, तर थंडीत गाडी सुरू करायला हवेची वाट अडवायची, म्हणजे पेट्रोल जास्त जातं. तो उघडा आहे, म्हणजे हवेची वाट मोकळी आहे. मोकळी आहे ना? माझी नजर नळकांड्यावरून थैलीवर गेली. मच्छरदाणीचं पांढरं कापड आता मातकट झालं होतं. आतला वाळा दिसतच नव्हता, उमरेड रस्त्याची सगळी धूळ त्याच्यात बसली होती, आणि मी ओतलेल्या गडूभर पाण्यानं तिचा चिखल झाला होता. मी थैलीला बोट लावलं तर बोट रुतलं. बैलाला मळणीच्या वेळी मुसकं बांधतात तसं ते इंजिनाच्या तोंडावर बांधलेलं होतं. मला एकदम वासुदेव मिस्त्रींचं गॅरेज दिसलं, दारात बाबा थैली सोडताहेत, आणि गाडी शिवणयंत्रासारखी चालते आहे. दर वेळी. दर एका वेळी.

मी थैलीला हात घातला तशी काचेपलीकडून बाबांची मान हलली. बॉनेटच्या फटीतून त्यांना माझे हात दिसत असावेत. त्यांनी दार ढकललं, उतरायला नाही, फक्त आवाज पोचावा म्हणून.

"त्याले काहून काढून राहिली? इंजिन जळन, सुमन."

माझे हात थांबले. बाबांचं न ऐकण्याची मला सवय नव्हती. आणि त्यांचं खरं असलं तर? एवढ्या उन्हात थैलीशिवाय इंजिन पेटलं, जाम झालं, तर मग ना गाडी, ना बस, ना धंतोली, आणि ते मी माझ्या हातानं केलेलं असेल, त्यांनी नको म्हटल्यावर. मी बाबांकडं पाहिलं. त्यांच्या ओठांचा रंग बदलत होता. तो रंग कुठल्याच पुस्तकात नव्हता, पण मला वाचता आला.

"जळू द्या," मी म्हणाले.

सुताची गाठ विणकराच्या हातची, ती ओली होऊन आणखी आवळलेली. नखांनी सुटेना. मी वाकून ती दातांनी तोडली. तोंडात चिखल, पेट्रोल आणि वाळ्याचा वास एकदम आला. तो वास आजही कुणाच्या घरी कुलरसमोर बसले की येतो, आणि मी जागा बदलते. लोकांना वाटतं आजीला गारठा सोसत नाही. थैली रस्त्याकडेला पडली, पानात गुंडाळलेल्या भाकरीसारखी जड. मी आत बसले तेव्हा बाबांनी डोळे मिटून घेतले होते. मी ऐकलं नाही म्हणून की दुखत होतं म्हणून, ते मला तेव्हा कळलं नाही आणि पुढं कधी विचारायचं धाडसही झालं नाही. आत पेट्रोल साचलेलं असताना पाय पूर्ण दाबून ठेवायचा, एवढं एक मिस्त्रींकडून शिकले होते. मी पाय तळापर्यंत दाबला आणि स्टार्टर मारला. तो फिरला, रेंगाळला, आता थांबणार असं वाटलं, आणि मागं एकदम भसकन् काळा ढग सुटला. मग आणखी एक, जरा विरळ. मग इंजिनानं मोकळा श्वास घेतला. दुसरा शब्द मला सुचत नाही.

गाडीनं तो चढ असा घेतला की मीच घाबरले. एवढा जोर तिच्यात होता हे आम्ही विसरून गेलो होतो. पण माझं सुख तिथवरच. त्यानंतर माझी नजर तापमानाच्या काट्यावर बसली आणि हलली नाही. काटा जरा वर गेला की माझं रक्त खाली जायचं. एक डोळा रस्त्यावर, एक डोळा काट्यावर, आणि कान बाबांकडं, अशी मी दिघोरीपर्यंत आले. मग वस्ती, सायकली, हातठेले, आणि पुढं डावीउजवीकडं ओळखीच्या पाट्या. आमच्या घराच्या वळणाशी आले तेव्हा पानठेला दिसला, त्याच्यामागं आमचं छप्पर, छपरावर आईनं वाळत घातलेल्या कुरडयांची पांढरी चादर. आईला घ्यावं असं इतकं वाटलं की पाय ब्रेकवर गेला. तो मी उचलला. हॉर्न वाजवला, वाजवत राहिले आणि पुढं निघून गेले. पाठीमागं आईला तो आवाज पोचला की नाही, आणि पोचला तर तिच्या मनात काय आलं असेल, हा विचार मी धंतोलीपर्यंत दारात उभा करून ठेवला, आत येऊ दिला नाही.

डॉक्टरांच्या दवाखान्यासमोर मी गाडी आडवीच उभी केली. कंपाउंडर आणि आणखी कुणी दोघांनी बाबांना उचललं. डॉक्टर त्यांच्याबरोबर चालता चालता मला विचारत होते, केव्हापासून त्रास, कसा होतो. मी सांगायला लागले की सकाळी बरी असते, तापली की जोर राहत नाही, चढावर ठसकते. डॉक्टरांनी थांबून माझ्याकडं पाहिलं. मग माझ्या तोंडाकडं, हनुवटीपर्यंत चिखल. ते शांतपणे म्हणाले, गाडीचं नंतर सांग, वडिलांचं सांग. आणि माझ्या लक्षात आलं की गाडीची धाप मला तपशीलवार पाठ आहे आणि बाबांची नाही. कारण ती ऐकायची आम्हाला भीती वाटायची. दार बंद झालं. मी बाहेर उभी राहिले.

आई आली ती रिक्षातून. पानठेल्यावाल्यानं जाऊन सांगितलं होतं की गाडी घरापाशी न थांबता धंतोलीकडं गेली, पोरगी हॉर्न दाबून होती. तिचे हात कोपरापर्यंत चिकानं माखलेले, वाळून पापुद्रे सुटायला लागलेले. तिनं पदराचं टोक दवाखान्यातल्या माठाच्या पाण्यात बुडवून माझं तोंड पुसलं, जोरात, लहानपणी पुसायची तसं, आणि माझ्याशेजारी बसली. बऱ्याच वेळानं दार उघडलं. डॉक्टर म्हणाले, धोका टळला म्हणणार नाही, पण वेळेत आणलं.

बाबा वाचले. पुढं माझ्या लग्नात त्यांनी जेवणावरून माझ्या सासऱ्यांशी वाद घातला, इतके वाचले. पण ते मला त्या दिवशी माहीत नव्हतं. त्या दिवशी संध्याकाळी मला आत जाऊ दिलं तेव्हा ते उशीला टेकून पडले होते आणि खूप लहान दिसत होते. त्यांनी मला पाहिलं. थैलीबद्दल काही बोलतील म्हणून मी अंग चोरून उभी राहिले. ते म्हणाले, "गाडी कोठी उभी केली?"

मी सांगितलं, दवाखान्याच्या फाटकापाशी, आता सरळ करून ठेवली. मग मी गाडीची किल्ली काढली आणि त्यांच्या पुढं धरली. रोज घरी आल्यावर तसंच व्हायचं. मी चालवली असली तरी किल्ली बाबांच्या हातात जायची, ते ती सदऱ्याच्या खिशात टाकायचे, आणि मग दिवस संपायचा. त्यांनी किल्लीकडं पाहिलं. हात उचलून माझी बोटं तिच्यावर मिटवली.

"तुयाचपाशी ठेव," ते म्हणाले.

मला तेव्हा अभिमान वाटायला हवा होता. त्या वयात मला पावलोपावली अभिमान वाटायचा, प्लगचा रंग ओळखला तरी वाटायचा. पण मी किल्ली मुठीत धरून खोलीतून बाहेर आले आणि रडायला कुठं जावं हे बघू लागले. धंतोलीत दवाखान्याबाहेर रडायला जागा मिळत नाही. कठड्यावर, पायरीवर, झाडाखाली कुठून कुठून आलेली माणसं आधीच बसलेली असतात, आणि प्रत्येकाचं आपलं आपलं. शेवटी मी गाडीत जाऊन बसले, काचा वर केल्या, आणि आईनं बोलावलं तोवर तिथंच राहिले.